भावजी, डबे आणि सातवं कलम

गाडीच्या विम्याची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस या अख्ख्या अमिरातीत एकच आहे आणि तो माझा दीर आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. ज्यांनी ती पॉलिसी लिहिली त्यांनीसुद्धा ती वाचली नसावी असं माझं मत आहे. नुसती लिहून मोकळे झाले असावेत. आमचे भावजी मात्र वाचतात, आणि तेही दरवर्षी. नूतनीकरणाचे कागद आले की शनिवारी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, हातात पेन्सिल घेऊन ते टेबलाशी बसतात. गेल्या वर्षीची पॉलिसी डावीकडे, यंदाची उजवीकडे, आणि मग ओळीला ओळ लावून बघायची. एखादं वाक्य बदललेलं सापडलं की त्यांचा चेहरा असा खुलतो की मी पानात श्रीखंड वाढलं तरी तसा खुलत नाही. श्रीखंड माझं प्रसिद्ध आहे, हेही इथं सांगून ठेवते.

हे माझे सख्खे दीर नव्हेत. माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, मुक्काम खलिफा सिटीत आमच्याच गल्लीत, चार इमारती सोडून. अबुधाबीतल्या एका विमा ब्रोकरच्या ऑफिसात गेली बावीस वर्षं ते कागद तपासायच्या टेबलावर आहेत. मधे एकदा साहेबांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी भावजींना विक्रीच्या कामाला लावलं. गिऱ्हाईक समोर बसलं की भावजी त्याला आधी पाऊण तास या पॉलिसीत काय काय मिळत नाही ते सांगायचे. काय मिळतं ते सांगायची वेळ येईपर्यंत खुर्ची रिकामी झालेली असायची. तीन महिन्यांत त्यांनी एकच पॉलिसी विकली, ती स्वतःला. मग साहेबांनी त्यांना पुन्हा टेबलावर नेऊन बसवलं आणि दोघांनीही सुटकेचा निश्वास टाकला.

बारीक अक्षर दिसलं की हा माणूस थांबतो. पार्किंगच्या पावतीची मागची बाजू, औषधाच्या खोक्यातला तो घड्या घातलेला पातळ कागद, लिफ्टमधली पाटी, सगळं वाचून काढतात. आमच्या लिफ्टमध्ये आठ माणसं किंवा सहाशे तीस किलो असं लिहिलंय. दिवाळीच्या फराळाला आलेले सहा पाहुणे घेऊन मी एकदा आत शिरले, तर भावजी बाहेरच उभे राहिले. का, म्हणून विचारलं तर पाहुण्यांकडे एक नजर टाकून म्हणाले, "माणसांच्या आकड्यात आपण बसतोय, वहिनी. दुसऱ्या आकड्याची मला खात्री नाही." पाहुण्यांमधली एक बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

माझ्या लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही मुलांना ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायच्या त्या ठिकाणी नेलं होतं. आत जाण्याआधी एका कागदावर सही करायची असते. बाकीच्या आयांनी न बघता सह्या ठोकल्या. भावजींनी तो कागद मागून घेतला आणि अकरा पोरं मोजे घालून रांगेत उभी असताना, काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीला पाचव्या मुद्द्याचा अर्थ विचारत राहिले. पाय मोडला तर जबाबदारी कुणाची, हे त्या बिचारीला काय ठाऊक? तिनं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं हेड ऑफिसला फोन लावला. पोरं आत गेली तेव्हा केक वितळून खाली बसला होता. भावजी स्वतः आत आलेच नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीनं पाचव्या मुद्द्याचा खुलासा झालेला नव्हता. दोन तास काचेबाहेर उभं राहून ते प्रत्येक पोराच्या पायांकडे बघत होते. मला आधी हसू आलं, नंतर चीड आली, आणि घरी आल्यावर वाटलं की अकरा पोरांच्या पायांची काळजी त्या दिवशी एकट्या त्यांनीच केली.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं. विम्यात बुडतो तो खोटं बोलणारा नव्हे, न सांगणारा. समोरच्याला जे कळायला हवं ते आपणहून सांगायचं, त्यानं विचारायची वाट बघायची नाही. आता हे विम्यापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण तरुणपणी पुण्यात मुलगी बघायला गेले तेव्हा कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. आपण घोरतो, आईचा स्वभाव तापट आहे, डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख खराब आहे, नोकरी अजून कायम नाही, आणि वडिलांकडच्या दोन काकांना टक्कल लवकर पडलं. मुलीचे वडील चहा बघून येतो म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. अशी तीन घरं झाली. चौथ्या वेळी आत्यांनी हात जोडले. भावजी बिनलग्नाचे राहिले, पण त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, तिन्ही मुलींना पुढं चांगली स्थळं मिळाली, आपलं काही लपवलेलं नंतर बाहेर आलं असतं तर तिघींपैकी एकीचं नुकसान झालं असतं.

अशा माणसानं माझे डबे पोचवले, त्याची ही गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं त्याचं अख्खं खातंच बंद केलं आणि तो नऊ महिने घरी बसला. हाताशी होती ती शिल्लक शाळेच्या फीमध्ये वितळायला लागली. मला येत होता स्वयंपाक, म्हणून मी डबे सुरू केले. पोळी, भाजी, आमटी, भात आणि एखादी चटणी. गिऱ्हाईक म्हणजे सकाळी डबा घेऊन ऑफिसला जाणारे लोक, बहुतेक एकेकटे राहणारे मराठी मुलगे आणि दोन नर्स. पहिल्या पोळीचं पीठ मळायच्या आधी भावजींनी मला घरगुती उद्योगाचं लायसन्स काढायला लावलं. माझं म्हणणं, चार डब्यांना कसलं लायसन्स? त्यांनी अर्ज स्वतः भरून आणला, मी सही केली, आणि तो कागद लॅमिनेट होऊन आमच्या फ्रीजवर लागला. डबे पोचवायलाही त्यांनीच एक रीतसर डिलिव्हरी कंपनी शोधून दिली. त्यांचे बाइकवाले मालाची ने-आण करायचा वेगळा विमा काढलेले आहेत ना, हे तपासूनच.

उन्हाळा आला, निम्मी गिऱ्हाइकं सुट्टीवर भारतात गेली. एवढ्या थोड्या डब्यांसाठी माणूस पाठवणं परवडत नाही, असं त्या कंपनीनं कळवलं. दोन दिवस मी नवऱ्याला सगळे पत्ते फिरायला लावलं, पण त्याचे तेव्हा इंटरव्ह्यू चालू झाले होते, आणि गाडी आम्ही आधीच विकून बसलो होतो, टॅक्सीच्या भाड्यातच सगळी कमाई जायची. बंद करावं लागणार, हे मी एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता बोलून गेले. भावजी जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "मी ऑफिसला जातोच, वहिनी. जाता जाता देईन."

आता या 'जाता जाता'बद्दल जरा सांगायला हवं. आपल्या माणसांत कुणी कुठं निघालं की त्याच्या हातात काहीतरी ठेवायची पद्धत आहे. मुंबईहून येणारा प्रत्येकजण कुणाच्या तरी मेतकुटाची पुडी, कुणाच्या तरी नातवाचा बाळंतविडा घेऊन येतो. शारजात हमरिया फ्री झोनमधे नोकरीला असलेला आमचा एक ओळखीचा मुलगा दर शुक्रवारी दीड तास गाडी चालवत येतो, तर त्याच्या डिकीत निम्म्या मराठी मंडळाचं सामान असतं. याला कुणी वाहतूक म्हणत नाही. 'तू जातोच आहेस ना' म्हणायचं की झालं. ज्या माणसानं लिफ्टची पाटी वाचून पाहुण्यांना दुखावलं, त्यालाही 'जाता जाता' हे शब्द कुठल्या कलमाखाली येतात असं वाटलं नाही. निदान मला तरी तेव्हा तसं दिसलं.

वाटेवरचे सहा डबे होते, त्याचे महिन्याभरात अकरा झाले आणि भावजींची वाट त्याप्रमाणे लांबत गेली. ऑफिस शहरात सरळ रस्त्यावर, पण जाता जाता ते आधी विमानतळाच्या बाजूला जायचे, मग हॉस्पिटलच्या क्वार्टर्सवर, मग पुलापलीकडच्या टॉवरमध्ये. साडेसहाला निघायचे. प्रत्येक डबा मागच्या सीटवर उभा करून त्याला पट्टा लावायचे. वरून आपला जुना शेला गुंडाळायचे. गाडी तर अशी चालवायचे की बाजूनं शाळेची बस हॉर्न देत पुढं जायची. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ही एकच गाडी घेतली होती, पांढरी, साधी, पण रोख पैसे देऊन घेतलेली. तिच्यावर धुळीचा कण दिसला तरी ते खिशातून रुमाल काढायचे.

पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर हात मागं घ्यायचे. मोबदला घेतला की वापर बदलतो, म्हणाले. बरं, पैसे नकोत तर नकोत. पण गिऱ्हाईक दारात चहा विचारायचं, तोही नको, कारण चहासुद्धा मोबदलाच. एका मुलाची आजी भारतातून आली होती. तिनं बळेबळे त्यांच्या हातात बेसनाचा लाडू कोंबला. भावजींनी तो टिश्यूत बांधून, दिवसभर ऑफिसच्या खणात ठेवून, संध्याकाळी माझ्यापुढं आणून ठेवला, तुमच्या ग्राहकाकडून आलेला आहे, म्हणून. मी म्हटलं, अहो खाऊन टाकायचात. तर त्यांनी मान हलवली. शेवटी तो लाडू मी खाल्ला. तूप कमी होतं.

एकदा, फक्त एकदाच, मी सहज विचारलं होतं की भावजी, हे आपल्या गाडीच्या विम्यात चालतं ना? ते चपला घालत होते. खाली वाकूनच म्हणाले, बघतो. विम्याच्या प्रश्नाला हा माणूस 'बघतो' म्हणाला, आणि माझ्या डोक्यात काही चमकलं नाही. स्वतःची सोय असली की माणसाला ऐकूसुद्धा कमी येतं.

नवऱ्याला नोकरी लागली, पगार आधीच्या निम्मा, म्हणून डबे चालूच राहिले. मग होळी आली. पुरणपोळी म्हटल्यावर रोजच्या अकराचे एकवीस झाले, आणि प्रत्येक पुरणपोळीबरोबर कटाची आमटी, पातळ. यात चूक कुणाची असेल तर माझी. भावजींनी मोजून सांगितलं होतं की आमटीचे पंधराच डबे पट्ट्यात बसतात. मी म्हटलं, सणाचा दिवस आहे, बसतील हो. सकाळी सात वाजून गेल्यावर एका चौकातल्या गोल चक्करला वळताना सहा मोकळ्या डब्यांपैकी एकाचं झाकण उडालं. गाडी चालवताना मागचं फक्त आरशातच बघणारा माणूस अर्धा क्षण मागं वळला, आणि गाडी काठावर चढून खजुराच्या झाडाला जाऊन भिडली.

मला त्यांचा फोन आला तो असा: "वहिनी, एकवीसपैकी सतरा शाबूत आहेत. बाकीच्या चार लोकांना तुम्ही फोन करून सांगाल का?" गाडी ठोकली हे त्यांनी त्यानंतर सांगितलं, आणि कपाळाला टेंगूळ आलंय हे मला समोर दिसलं तेव्हा कळलं. मी टॅक्सीनं पोचले तर समोरचा दिवा फुटलेला, बॉनेटची चोच झालेली, आणि आतून आमटीचा गरम मसाल्याचा वास येतोय. रमजान चालू होता. तरुण पोलीस बिचारा उपाशी, आणि भावजी त्याला एकवीस डब्यांची हकीकत सावकाश इंग्रजीत सांगताहेत, कोणता डबा कुणाचा यासकट. त्यानं विचारलं होतं फक्त कसं झालं आणि लागलंय का. शेवटी त्यानं वही मिटली, भावजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास, हबीबी. घर जाओ, रेस्ट करो." रिपोर्टमध्ये त्यानं दोन ओळी लिहिल्या. त्यात डबे नव्हते.

डब्यांचा प्रश्न आला क्लेमच्या फॉर्मवर. तो फॉर्म घेऊन भावजी आमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसले, कारण टेंगूळ उतरेपर्यंत मी त्यांना एकटं राहू दिलं नव्हतं. सगळे रकाने मोत्यासारख्या अक्षरात भरले आणि एका ओळीशी थांबले. अपघाताच्या वेळी वाहन कोणत्या कारणासाठी वापरात होतं? समोर एक रिकामी ओळ, बोटभर लांब. त्या एका ओळीसमोर ते तीन संध्याकाळी बसले. चहा गार व्हायचा, मी दुसरा आणायचे, तोही गार व्हायचा.

घरातल्या प्रत्येकाकडं त्या ओळीसाठी उत्तर तयार होतं. नवऱ्यानं गॅरेजवाल्याकडून अंदाज आणला होता. "आठ हजार दिरहम सांगतोय, म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये. अरे, तू ऑफिसला जात होतास, नव्हतास का? तेच लिही. त्यात खोटं काय आहे?" लेक मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "काका, जस्ट राइट गोइंग टू वर्क. नोबडी विल आस्क." आणि मी? मी तर त्यांच्या विनवण्या केल्या. तुमच्या ऑफिसातून रोज त्याच विमा कंपनीला कागद जातात, तिथले लोक तुम्हाला नावानं ओळखतात, तिथं आता तुमची शोभा कशाला? माझ्या आमटीपायी तुमची गाडी जायला नको, असंही म्हणाले. खरं सांगायचं तर मला माझीच टोचणी सहन होत नव्हती. त्यांनी खोटं लिहिलं असतं तर मी सुटले असते.

तिसऱ्या संध्याकाळी भावजींनी पॉलिसी उघडून माझ्यापुढं ठेवली. सातवं कलम. त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ होती. गाडी खासगी वापरासाठी. भाड्यानं, मोबदल्यासाठी, किंवा कुठल्याही व्यवसायातला माल पोचवण्यासाठी वापरल्यास विमा लागू नाही. म्हणजे त्यांनी चहा नाकारला, लाडू बांधून आणला, त्याचा काही उपयोगच नव्हता. ते पैसे घेत नव्हते, पण डबे मी विकत होते.

मी विचारलं, हे तुम्हाला आत्ता कळलं का? माझी खात्री होती की ते हो म्हणतील.

"नाही, वहिनी. ज्या दिवशी तुम्हाला देईन म्हणालो, त्याच दिवशी घरी जाऊन वाचलं होतं. पण कंपनीला कळवलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि तुमचे डबे बंद झाले असते. दादा तेव्हा बोलायचासुद्धा बंद झाला होता. म्हणून मी नाही कळवलं. पहिल्यांदाच. आता निदान विचारलंय तेव्हा तरी खरं लिहू द्या."

नवरा उठून गॅलरीत गेला. लेकीनं मोबाइल बाजूला ठेवला. ज्यानं तीन लग्नं मोडली पण नखाचा आजार लपवला नाही, त्या माणसानं आठ महिने रोज सकाळी गाडीला किल्ली लावताना ते सातवं कलम मनात घेऊन गाडी चालवली, आणि मी त्याच्या हातात डबे मोजून देत होते. भावजींनी ती ओळ भरली. बोटभर जागेत मावेना, म्हणून वेगळा कागद जोडला.

दहा-बारा दिवसांनी ते दारातच म्हणाले की क्लेम पास झाला. कसा काय, म्हणून नवरा उडालाच. भावजी म्हणाले, खरं सांगितलं की कंपनी कधीकधी सहानुभूतीनं विचार करते. असं कधी ऐकलं नव्हतं, पण ते विम्यातले, आपल्याला काय कळणार? मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी श्रीखंडासाठी दही टांगलं. दुसऱ्या दिवशी भावजींनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं आणि माझ्याकडं न बघता खाल्लं. लेक म्हणाली, "सी? ऑनेस्टी पेज, काका." त्यावर ते नुसते हूं म्हणाले.

डब्यांसाठी त्यांनी आठवड्याभरात दुसरी डिलिव्हरी कंपनी गाठली. आजूबाजूच्या दोन घरगुती स्वयंपाकवाल्या बायकांचे डबे आणि माझे एकत्र करून त्या कंपनीचा आकडा भरून दिला, हे आम्हाला आधी सुचलं असतं तर? त्यांचा विम्याचा कागद मागून तोही शेवटपर्यंत वाचला. गाडी मात्र गॅरेजमधून येईना. आधी समोरचा दिवा मिळत नव्हता, मग रंग जुळत नव्हता, मग कळलं की कुठलासा पार्ट जपानहून यायचाय. भावजी बसनं ऑफिसला जायला लागले. मी चेष्टा करायचे, अहो, तुमचा पार्ट पोहत येतोय का? ते हसायचे. त्यांना बसचं वेळापत्रक आवडलंय, त्याच्या खाली बारीक अक्षरात बऱ्याच सूचना असतात, असं सांगायचे. मला ते खरंही वाटायचं. एप्रिल गेला, मे गेला, ऊन असं झालं की गॅलरीतली तुळस दुपारी आत घ्यावी लागे, आणि भावजी रुमाल डोक्यावर टाकून स्टॉपवर उभे असायचे.

ऑगस्टमध्ये ते तापानं पडले. मी मऊ खिचडी घेऊन त्यांच्याकडं गेले तर अंग भट्टीसारखं तापलेलं. क्लिनिकमध्ये न्यायचं म्हणून मी मेडिकल कार्ड कुठं आहे ते विचारलं. डोळे मिटूनच ते म्हणाले, कपाटात, 'आरोग्य' लिहिलेल्या फाइलीत. त्यांच्या कपाटात फायलींची रांग आहे, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात नाव. 'वाहन' म्हणून फाइल होती, ती अगदीच पातळ झाली होती, पण ती उघडायचं माझ्या मनातही आलं नसतं. मी 'आरोग्य' काढली, आणि कार्डाच्या वर विमा कंपनीचं पत्र होतं.

लपवायची सवय नसलेल्या माणसानं ते नेमकं तिथं लपवलं होतं, जिथं आजारपणात पहिला हात माझाच जाणार. आयुष्यात पहिल्यांदा मी विम्याचा एखादा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आपण दिलेल्या प्रामाणिक निवेदनाबद्दल आभारी आहोत. सातव्या कलमानुसार दावा मंजूर करता येत नाही. तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली. त्याला टाचलेली दुसरी पावती जुन्या गाड्या घेणाऱ्या यार्डाची होती, आहे त्या स्थितीत विकल्याची. मी श्रीखंड केलं त्याच्या दोन दिवस आधीची.

मी फाइल हातात धरून तिथंच फरशीवर बसले. रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांनी कंपनीला खरं लिहिलं, कारण ते त्यांचं तत्त्व होतं, आणि मला खोटं सांगितलं, कारण मी त्या आमटीसाठी स्वतःला बोल लावून घेत राहिले असते. ते त्यांनी ओळखलं होतं. मग मी पत्र होतं तसंच, टोकाला टोक जुळवून परत ठेवलं, कार्ड घेतलं, तोंड धुतलं आणि टॅक्सी बोलावली.

टॅक्सीत ते काचेला डोकं टेकून बसले होते. डोळे मिटलेले, मला वाटलं ग्लानीत आहेत. सिग्नलला गाडी थांबली तसे हळूच म्हणाले, "गॅरेजवाल्याचा फोन होता, वहिनी. पुढच्या महिन्यात पार्ट येतोय म्हणे. इन्शाल्ला."

"येईल हो," मी म्हटलं, "आपल्याला कुठं घाई आहे?" आणि त्यांच्या कपाळावरच्या ओल्या रुमालाची घडी बदलायला हात पुढं केला, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसायला नको.